एडिटरच्या सेटिंग्ज बदलताना: दिसणं वेगळं, लिहिणं वेगळं

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी शेवटी मी गाइड मॅडमना एक आलेख दाखवला. पाच गावांतल्या विहिरींचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण. चार गावांचे आकडे साधारण एका पट्ट्यात होते आणि पाचव्याचे एकदम वर. मॅडम म्हणाल्या, "अगं, हे एकच गाव इतकं खारट कसं?" मी लगेच कारणं सांगायला लागले. खडक वेगळा असेल, कालव्याचं सिंचन असेल, खतं असतील. मॅडमना त्यात रस वाटला. पुढचे तीन दिवस मी त्या भागाचे नकाशे वाचत बसले आणि प्रबंधात त्यावर एक उपविभागसुद्धा लिहायला घेतला.

पाणी खारट नव्हतं. गडबड माझ्या लॅपटॉपवर होती, तीही टेक्स्ट एडिटरच्या सेटिंग्जच्या फाइलमधल्या एका ओळीत. ती ओळ मी एका सीनियरच्या फाइलमधून न वाचता उचलली होती.

संशोधनाला सुरुवात करणाऱ्या मुलामुलींना मी एडिटर शिका असं नेहमी सांगते, पण एडिटरच्या सेटिंग्ज हा आवडीनिवडीचा विषय आहे असंच आपण धरून चालतो. रंग कुठला, ओळींचे क्रमांक हवेत की नकोत, एवढंच. आज मला सांगायचंय ते थोडं वेगळं आहे. काही सेटिंग्ज फक्त पडद्यावर काय दिसतं ते बदलतात आणि काही सेटिंग्ज तुमच्या फाइलमध्ये काय लिहिलं जातं ते बदलतात. हा फरक कळला की सेटिंग्ज कितीही बदला, भीती नाही. तो न कळता बदलल्या, तर माझ्यासारखं होतं.

उदाहरणासाठी मी व्हिम घेतलाय, कारण मी तोच वापरते. तुम्ही नॅनो किंवा ईमॅक्स वापरत असाल तर नावं बदलतील, मुद्दा तोच राहील. आणि हो, आज्ञांची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत, जोडून लिहायची.

मुळात टर्मिनलमधला एडिटर कशाला?

आपल्या लॅपटॉपवर माउसने चालणारे छान एडिटर असतातच की. पण संशोधनात कधी ना कधी तुम्ही दूरच्या सर्व्हरवर जाता. तिथे खिडक्या नसतात, माउस नसतो, नेटवर्क कधी तुटेल सांगता येत नाही. एखादी स्क्रिप्ट रात्री अकराला बंद पडते आणि तिच्यातली एकच ओळ दुरुस्त करायची असते. अशा वेळी जवळजवळ प्रत्येक लिनक्स मशीनवर व्हीआय किंवा व्हिम हजर असतो. पुष्कळ जणांची तर त्याच्याशी पहिली गाठ नकळतच पडते: गिटमध्ये कमिट करायला जावं तर अचानक एक अनोळखी पडदा उघडतो आणि बाहेर कसं पडायचं तेच कळत नाही. (एस्केप, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर. झालं.)

व्हीआय बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास बर्कलीत लिहिला. ते ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर काम करायचे त्याच्या कीबोर्डवर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के, एल याच कळांवर बाण छापलेले होते. म्हणून आजही व्हिममध्ये या चार अक्षरांनी कर्सर हलतो. ब्राम मोलेनार यांनी व्हीआयच्या धर्तीवर अमिगा संगणकासाठी व्हिम लिहिला आणि तो १९९१ मध्ये लोकांसाठी खुला केला. पुढे २०२३ मध्ये वारल्यापर्यंत ते त्यावर काम करत होते.

हा इतिहास मी उगाच सांगत नाहीये. डिफॉल्ट म्हणजे निसर्गनियम नाही. कोणीतरी, कधीतरी, त्या वेळच्या यंत्रासाठी घेतलेला तो निर्णय असतो. टॅबची रुंदी आठ अक्षरं का? कारण जुन्या टर्मिनलांवर तशी पद्धत होती. तो निर्णय तुमच्या कामाला लागू पडेलच असं नाही. पण बदलण्याआधी तो काय होता हे माहीत हवं.

पहिला धक्का: रिकामी फाइलसुद्धा सेटिंग असते

व्हिमच्या सेटिंग्ज तुमच्या होम फोल्डरमधल्या व्हिमआरसी नावाच्या फाइलमध्ये राहतात. नावाच्या आधी टिंब असतं, त्यामुळे ती साध्या यादीत दिसत नाही. सुरुवातीला ती नसते. आपण तयार करायची.

आता गंमत बघा. २०१६ मध्ये व्हिम ८.० आला तेव्हा नवख्यांची सोय म्हणून त्यात डिफॉल्ट्स नावाची एक फाइल जोडली गेली. तुमची स्वतःची व्हिमआरसी नसेल तर व्हिम ती आपोआप वाचतो. कोडचे रंग दिसणं, कोपऱ्यात ओळ-कॉलमचा आकडा दिसणं, शोधताना टाइप करता करता उड्या मारणं, फाइल पुन्हा उघडल्यावर कर्सर जिथे होता तिथेच येणं, हे सगळं त्या फाइलमुळे होतं. पण ज्या क्षणी तुम्ही स्वतःची व्हिमआरसी बनवता, अगदी रिकामी का असेना, त्या क्षणी व्हिम म्हणतो, "यांना आता स्वतःचं स्वतः बघायचंय," आणि ती डिफॉल्ट्स फाइल वाचणंच सोडून देतो.

म्हणजे तुम्ही ओळींचे क्रमांक दिसावेत म्हणून ‘सेट नंबर’ ही एकच ओळ लिहिलीत आणि कोडचे रंग गायब! अनेक जण इथेच वैतागतात. उपाय सोपा आहे: व्हिमआरसीच्या पहिल्या ओळीत ‘सोर्स’ या आज्ञेने व्हिमच्या रनटाइम फोल्डरमधली डिफॉल्ट्स फाइल आपणच वाचायला सांगायची आणि त्याखाली आपले बदल लिहायचे. नेमकी ओळ ‘हेल्प डिफॉल्ट्स डॉट व्हिम’ या मदतपानावर दिलेली आहे.

रंग गेले तर निदान लक्षात तरी येतं. त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट जाते, ती लक्षात येत नाही. व्हिममध्ये आकड्यावर कर्सर ठेवून कंट्रोल-ए दाबलं की तो आकडा एकने वाढतो. नमुन्यांना क्रमांक देताना फार उपयोगी. पण मूळ व्हिम शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीचा समजतो. त्या पद्धतीत ७ नंतर १० येतो. त्यामुळे ००७ वर कंट्रोल-ए दाबलं तर ००८ येत नाही, ०१० येतो! डिफॉल्ट्स फाइल ही अष्टमानाची सवय बंद करते. तुम्ही रिकामी व्हिमआरसी बनवलीत की ती सवय परत चालू होते. तुमच्या विहिरींच्या यादीत आठवी आणि नववी विहीर कधी नव्हतीच असं दिसेल, आणि व्हिम एका शब्दाने काही बोलणार नाही.

(निओव्हिम वापरणाऱ्यांसाठी: त्याची डिफॉल्ट्स वेगळी आहेत आणि तिथे अष्टमान आधीच बंद आहे. एकाच मशीनवर दोन्ही असतील तर हा फरक लक्षात ठेवा.)

तीन खाती

आता मुख्य मुद्दा. माझ्या व्हिमआरसीचे मी तीन भाग केलेत. प्रत्येक नवी ओळ लिहिण्याआधी ती कुठल्या खात्यात जाते ते ठरवते.

पहिलं खातं: दिसणं. या सेटिंग्जनी फाइलमधला एक बाइटही हलत नाही. ‘नंबर’ ने ओळींचे क्रमांक दिसतात. ‘रॅप’ ने लांब ओळ पडद्यावर दुमडून दिसते, ‘नोरॅप’ ने ती उजवीकडे सरळ जाते. डेटाचे तक्ते बघताना ‘नोरॅप’ बरं पडतं, कारण कॉलम एकाखाली एक दिसतात. ‘एचएलसर्च’ ने शोधलेला शब्द जिथे जिथे आहे तिथे रंगतो. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं ‘लिस्ट’: ते चालू केलं की न दिसणारी अक्षरं दिसायला लागतात. टॅबच्या जागी एक खूण, ओळ संपते तिथे डॉलरचं चिन्ह. डेटाची फाइल उघडली की मी पहिलं काम हेच करते.

मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांसाठी इथेच एक गोष्ट सांगते. बऱ्याच टर्मिनलांमध्ये जोडाक्षरं विस्कटलेली दिसतात, वेलांटी भलतीकडे जाते. घाबरून काही "दुरुस्त" करायला जाऊ नका. तो दाखवण्यातला दोष आहे, फाइल बहुतेक वेळा ठीक असते. खात्री करायची असेल तर अक्षरावर कर्सर ठेवून जी आणि आठ या कळा लागोपाठ दाबा, व्हिम त्याचे प्रत्यक्ष बाइट दाखवतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘क्षि’ मध्ये क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी ४ चिन्हं आहेत, म्हणजे १२ बाइट. डोळ्यांना एक अक्षर दिसतं, फाइलमध्ये चार चिन्हं असतात. दिसणं आणि असणं यातला फरक कळायला आपल्या लिपीइतकं चांगलं उदाहरण नाही.

दुसरं खातं: टाइप होणं. या सेटिंग्ज आधीच्या मजकुराला हात लावत नाहीत, पण तुम्ही जी कळ दाबता तिचं फाइलमध्ये काय होतं ते बदलतात. ‘एक्सपांडटॅब’ हे त्यातलं ठळक. ते चालू असेल तर टॅबची कळ दाबल्यावर टॅब न पडता स्पेस पडतात. पायथॉनसाठी हे उत्तम, कारण पायथॉनच्या शैलीचा दस्तऐवज चार स्पेस सुचवतो आणि पायथॉन ३ टॅब-स्पेसची सरमिसळ खपवून घेत नाही. पण मेकफाइलमध्ये आज्ञेच्या ओळीआधी खराखुरा टॅबच लागतो, आणि टॅबने कॉलम वेगळे केलेल्या डेटा फाइलमध्ये तर टॅब हीच दोन घरांमधली भिंत असते. तिथे स्पेस पडल्या की दोन कॉलम एक होतात आणि पडद्यावर मात्र सगळं सरळ दिसतं. अडलंच तर कंट्रोल-व्ही दाबून मग टॅब दाबला की खरा टॅब पडतो.

‘टेक्स्टविड्थ’ हेही याच खात्यातलं. ते ८० केलं की टाइप करताना ओळ ८० अक्षरांपुढे गेली की व्हिम तिथे खरोखरची नवी ओळ घालतो. लेख लिहिताना छान. पण मुलाखतींच्या तक्त्यात, जिथे एका ओळीत एका माणसाचं संपूर्ण उत्तर आहे, तिथे मध्येच चार शब्द घातले की एका माणसाचे दोन होतात.

तिसरं खातं: सेव्ह होणं. यातल्या सेटिंग्ज तुम्ही काही टाइप न करताही फाइल बदलतात. सेव्ह केलं की काम झालं. माझा घात इथे झाला.

ती एक ओळ

सीनियरच्या व्हिमआरसीत एक आज्ञा होती. तिचा अर्थ असा: कुठलीही फाइल लिहिण्याआधी प्रत्येक ओळीच्या शेवटी उरलेली मोकळी जागा शोध आणि पुसून टाक. कोड लिहिणाऱ्यांत ही सवय चांगली मानतात, कारण ओळीच्या शेवटच्या रिकाम्या स्पेसमुळे गिटमध्ये नसते फरक दिसतात. अडचण दोन शब्दांत होती. ‘कुठलीही फाइल’, आणि ‘मोकळी जागा’. व्हिमच्या शोधात मोकळ्या जागेसाठी जी खूण वापरतात तिच्यात स्पेसही येते आणि टॅबही.

माझ्या डेटाचे सहा कॉलम होते: विहिरीचा क्रमांक, गाव, तारीख, खोली, टीडीएस आणि शेरा. शेरा बहुतेक ठिकाणी रिकामा. म्हणजे ओळ टीडीएसच्या आकड्यानंतर एका टॅबवर संपायची. तो टॅब सांगत होता की "इथे सहावं घर आहे, पण रिकामं आहे."

पाचपैकी एका गावाचं नाव काही ठिकाणी चुकीचं लिहिलं गेलं होतं. मी ती एकच फाइल उघडली, नाव दुरुस्त केलं, सेव्ह केलं. सेव्ह होताना शेवटचे सगळे टॅब पुसले गेले. रिकामा शेरा असलेल्या ओळींत आता पाचच कॉलम उरले.

पुढची पायरी म्हणजे माझीच ऑकमधली छोटी स्क्रिप्ट. अर्धवट भरलेल्या ओळी गाळायच्या म्हणून मी तिला सांगितलं होतं: सहा कॉलम नसतील तर ओळ सोडून दे. तिने इमानदारीने त्या गावाच्या बहुतेक ओळी सोडून दिल्या. दोनशेच्या आसपास विहिरी होत्या, उरल्या जेमतेम तीस.

आणि कुठल्या उरल्या? ज्यांना शेरा होता त्या. आता विचार करा, आपण फिल्डवर शेरा कधी लिहितो? "पाणी खारट लागतं", "गढूळ", "जनावरं पीत नाहीत". सगळं ठीक असेल तर कोणी शेरा लिहीत नाही. म्हणजे माझ्या एडिटरने त्या गावातल्या चांगल्या विहिरी वगळून वाईट तेवढ्या ठेवल्या होत्या. सरासरी वर जाणारच. ओळी कशाही, यादृच्छिक गळल्या असत्या तर आलेख फारसा हलला नसता. पण गळती होते तेव्हा ती बहुतेक वेळा कशाशी तरी बांधलेली असते.

हे सापडलं कसं? एडिटरच्या ज्ञानामुळे नाही. लॅबमधल्या एका मित्राने आलेखावरचे ठिपके बघून विचारलं, "या गावात एवढ्याच विहिरी?" मी मोजले. मग गिटमध्ये त्या फाइलचा आधीचा आणि नंतरचा फरक काढला. मी तर मोजक्या ओळींतलं नाव बदललं होतं आणि गिट जवळजवळ सगळ्याच ओळी बदलल्याचं सांगत होतं. लाल ओळ आणि हिरवी ओळ अगदी सारख्या दिसत होत्या. ‘लिस्ट’ चालू केलं तेव्हा शेवटचा टॅब गेलेला दिसला. कमिट करण्याआधी मी तो फरक पाहिला असता तर तीन दिवस आणि एक उपविभाग वाचला असता.

दुसरं एखादं साधन वापरलं असतं तर? आर मधलं रीड डॉट टेबल अशा ओळीवर अडून बसतं आणि चूक दाखवतं. पांडाज अपुरी ओळ रिकाम्या घराने भरून पुढे जातं, त्यामुळे माझ्या बाबतीत काहीच बिघडलं नसतं. पण ते नशीब झालं. डेटा बरोबर राहायला पुढच्या साधनाच्या मेहेरबानीवर अवलंबून राहायचं नसतं.

आता ती आज्ञा मी पायथॉन आणि लाटेक या दोनच प्रकारांच्या फाइलींपुरती बांधून ठेवलीय. मार्कडाउनलाही लावत नाही, कारण तिथे ओळीच्या शेवटी दोन स्पेस म्हणजे "इथे ओळ तोड" असा अर्थ होतो.

डिफॉल्टही निष्पाप नसतं

मग काहीच बदलू नये का? तसंही नाही. डिफॉल्ट व्हिमसुद्धा तिसऱ्या खात्यात एक काम करतो. फाइलच्या शेवटच्या ओळीनंतर नवी ओळ सुरू करणारं चिन्ह नसेल तर सेव्ह करताना तो ते स्वतःहून घालतो. या सेटिंगचं नाव ‘फिक्सएंडऑफलाइन’. एकच बाइट, आणि बहुतेक वेळा ते भल्याचंच असतं. पण दुसऱ्या संस्थेकडून आलेल्या डेटाबरोबर चेकसम आला असेल, तर फक्त उघडून सेव्ह केलेली फाइलही तो चेकसम चुकवेल. "मी तर काहीच बदललं नाही" हे तुमचं म्हणणं खरं असेल आणि फाइल मात्र बदललेली असेल.

एखादी सेटिंग दोन खात्यांत पाय ठेवून असते, तिच्याकडे जास्त लक्ष द्या. ‘इग्नोरकेस’ घ्या. शोधताना लहान-मोठी इंग्रजी अक्षरं सारखी धरायची, एवढंच ते सांगतं. वाटतं की हे शोधण्यापुरतं आहे, पहिल्या खात्यातलं. पण शोधा-आणि-बदला ही आज्ञाही तेच सेटिंग पाळते. एखाद्या स्थानकाचा संकेत लहान लिपीतला ‘एनए’ आहे आणि माहिती उपलब्ध नाही यासाठी मोठ्या लिपीतला ‘एनए’ आहे, असा डेटा असेल आणि तुम्ही पहिला बदलायला गेलात, तर दुसराही बदलतो. ‘स्मार्टकेस’ जोडलं तरी लहान लिपीतल्या शब्दाला ते वाचवत नाही. बदलाच्या आज्ञेत शोधशब्दाला उलटी तिरकी रेघ आणि मोठा सी जोडला तर त्या वेळेपुरता फरक पाळला जातो.

हे सेटिंग आलं कुठून?

समजा काहीतरी विचित्र होतंय. कुणी केलं हे शोधायचे मार्ग असे.

नुसतं ‘कोलन सेट’ टाइप केलं तर डिफॉल्टपेक्षा वेगळी असलेली सगळी सेटिंग्ज दिसतात. एखाद्याची किंमत बघायची असेल तर त्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह. आणि त्याआधी ‘व्हर्बोज’ लावलं, म्हणजे ‘कोलन व्हर्बोज सेट एक्सपांडटॅब प्रश्नचिन्ह’, तर ते शेवटचं कुठल्या फाइलने बदललं तेही कळतं. हे फार उपयोगी आहे, कारण व्हिम फाइलच्या प्रकाराप्रमाणे स्वतःही काही बदल करतो. नावापुढे अँपरसँडचं चिन्ह लावलं की ते सेटिंग मूळ किमतीला परत जातं. आणि आपली व्हिमआरसी पूर्ण बाजूला ठेवून बघायचं असेल तर व्हिम सुरू करतानाच दोन आडव्या रेघा आणि ‘क्लीन’ असं लिहायचं. गडबड तिथेही होत असेल तर दोष तुमचा नाही. होत नसेल तर तुमच्याच फाइलमध्ये शोधा.

एक नवी वाटही लक्षात ठेवा. एडिटरकॉन्फिग नावाची एक पद्धत आहे. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल ठेवायची आणि त्या प्रकल्पातल्या सगळ्यांचे एडिटर तिचे नियम पाळतात. कल्पना चांगली आहे. निओव्हिमच्या ०.९ आवृत्तीपासून हे आपोआप चालू असतं. पण त्या नियमांत ओळीच्या शेवटची मोकळी जागा पुसण्याचाही एक नियम आहे. कोणी तो सगळ्या फाइलींना लावला असेल, तर तुमच्या व्हिमआरसीत काहीही नसताना माझ्यासारखाच प्रकार तुमच्याकडे होऊ शकतो. दुसऱ्याचा प्रकल्प उतरवून घेतलात तर ती फाइल आधी वाचा.

मागे राहणाऱ्या फाइली

शेवटचा मुद्दा सुरक्षिततेचा. व्हिम काम चालू असताना एक स्वॅप फाइल लिहित असतो: डिफॉल्टप्रमाणे २०० अक्षरं टाइप झाली की, किंवा ४ सेकंद काही टाइप केलं नाही की. नेटवर्क तुटलं तरी त्यातून काम परत मिळतं. ती बंद करा असा सल्ला काही जण देतात, फोल्डरमध्ये कचरा दिसतो म्हणून. माझं ऐकाल तर करू नका.

‘अनडूफाइल’ मात्र चालू करण्यासारखं आहे. डिफॉल्टमध्ये फाइल बंद केली की मागे जाण्याचा इतिहास संपतो. हे चालू असेल तर उद्या उघडून कालचा बदलही मागे घेता येतो. त्यासाठी ‘अनडूडिर’ मध्ये एक वेगळं फोल्डर सांगा आणि ते फोल्डर आधी स्वतः तयार करा, व्हिम ते बनवून देत नाही.

पण याची दुसरी बाजू अशी की स्वॅप आणि अनडू फाइलींमध्ये तुमचा मजकूर असतो. तुम्ही खोडलेली नावंसुद्धा. मुलाखती, रुग्णांची माहिती, गोपनीय उत्तरं यांवर काम करणाऱ्यांनी हे नक्की लक्षात ठेवावं. मुख्य फाइलमधून नाव काढलं आणि शेजारच्या लपलेल्या फाइलसकट फोल्डर पाठवून दिलं, असं होऊ शकतं. अशा फाइलींसाठी अनडूफाइल बंद ठेवा आणि पाठवण्याआधी लपलेल्या फाइलींसकट यादी बघा.

मी आता काय करते

व्हिमआरसीत प्रत्येक ओळीच्या वर दुहेरी अवतरणचिन्हाने सुरू होणारी एक टीप लिहिते: हे कशासाठी, कधी घातलं, कुठलं खातं. ज्या ओळीचं कारण मला लिहिता येत नाही ती ओळ ठेवत नाही. एका वेळी एकच बदल, आणि निदान आठवडाभर वापरून मग पुढचा. ती फाइल गिटमध्ये आहे, कारण माझ्या डेटावर तिचाही हात फिरतो. मूळ डेटा वाचण्यापुरताच खुला ठेवते. बघायचा असेल तर व्हिम ‘आर’ हा मोठ्या लिपीतला पर्याय देऊन उघडते, म्हणजे चुकून सेव्ह करायला गेले तर तो आधी अडवतो. दुरुस्ती करायची असेल तर ती हाताने न करता स्क्रिप्टने, वेगळ्या प्रतीवर. कमिट करण्याआधी फरक बघते. एक शब्द बदलला असेल तर एकच ओळ बदललेली दिसायला हवी. आणि प्रत्येक पायरीनंतर ओळी मोजते. आधी किती, नंतर किती.

मॅडमना सगळं सांगितलं तेव्हा मला वाटलं त्या रागावतील. त्या म्हणाल्या, "बरं झालं आत्ता कळलं. पण मला एक सांग, तो आलेख उलटा आला असता, म्हणजे आपल्या अपेक्षेप्रमाणे, तर तू ठिपके मोजले असतेस का?" मी उत्तर दिलं नाही. तुम्हीही विचार करून बघा.

तोपर्यंत एक छोटा गृहपाठ. आज तुमची सेटिंग्जची फाइल उघडा आणि प्रत्येक ओळीपुढे १, २ किंवा ३ असा आकडा टाका: दिसणं, टाइप होणं, सेव्ह होणं. ज्या ओळीपुढे ३ आला ती पुन्हा वाचा, आणि ती कुठल्या फाइलींना लागू होते तेही बघा. आणि जिथे आकडा टाकता आला नाही, ती ओळ आधी बंद करून ठेवा, मग मदतपान वाचा.